अंगणातील जुन्या वस्तूंची वासलात

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गाव काळ्या कातळाच्या आणि काळ्या मातीच्या प्रदेशात वसलेले आहे. अशा गावात बागेची शोभा शहरातील बंगल्याप्रमाणे हिरवळ, कारंजे आणि पुतळे यांच्या रूपाने वाढलेली नसते. घरापुढचे अंगण, मागचे परस, गोठ्यालगतची मोकळी जागा आणि शेतातील विहिरीचा काठ हीच येथील बाग होय. आणि तिच्यात शोभेसाठी मांडलेल्या वस्तू म्हणजे तुळशी वृंदावन, रांजण, उखळ, दगडी डोण, जात्याची तळी किंवा बैलगाडीचे चाक. यांपैकी बहुतेक वस्तू मुळात शोभेच्या नव्हत्याच, तर पिठाची गिरणी, नळ, विद्युतपंप आणि ट्रॅक्टर आल्यावर त्यांचे काम संपले आणि टाकवत नाही म्हणून त्या अंगणात येऊन राहिल्या. पुढे त्यांच्या शेजारी सिमेंटच्या कुंड्या, प्लास्टर ऑफ पॅरिसचे हंस व मोर, फायबरची हरणे आणि रंगवलेले टायर येऊन बसले. घर नव्याने बांधताना किंवा वाटणी होताना या सर्वांचे काय करायचे, हा प्रश्न एकदमच समोर उभा राहतो.

त्याचे उत्तर सर्व वस्तूंना एकच नाही. दगड, माती, लाकूड आणि धातू यांच्या वस्तू ज्या काळात घडल्या, त्या काळात त्या दुरुस्त करणारा, बदलून देणारा किंवा परत घेणारा कारागीर गावात किंवा पंचक्रोशीत होता. त्यामुळे त्यांच्या पुनर्वापराच्या वाटा आधीपासून पडलेल्या आहेत. सिमेंट, प्लास्टर आणि फायबर यांच्या वस्तू मात्र विकत घेण्याची सोय गावापर्यंत पोचली, परत घेण्याची पोचली नाही. म्हणून कोणतीही वस्तू उचलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: ती कशाची बनलेली आहे, तिच्याशी श्रद्धा किंवा कायदा निगडित आहे का, आणि तिला दुसरे काम देताना नवा अपाय तर होत नाही ना.

दगड: न संपणारी सामग्री

मराठवाड्यातील काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडून थरांवर थर पसरत गेलेल्या लाव्हारसापासून तो बनला. त्याचे कण बारीक आणि घट्ट असल्याने चांगल्या प्रतीचा दगड पाणी फारसे शोषत नाही, ऊनपावसाने सहजासहजी झिजत नाही आणि जड घावाशिवाय फुटत नाही. एका घनमीटरचे वजन सुमारे २,९०० किलो भरते. म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाची आणि ८ सेंटिमीटर जाडीची जात्याची एक तळी जवळजवळ २९ किलोची होते. एवढी जड आणि टिकाऊ वस्तू नाल्यात ढकलून संपत नाही, ती फक्त प्रवाहाच्या वाटेत जाऊन बसते. म्हणून दगडाच्या बाबतीत विल्हेवाटीचा विचार सोडून जागाबदलाचा विचार करणे हेच व्यवहाराला धरून होते.

जात्याला दोन तळ्या असतात: खालची स्थिर आणि वरची खुंट्याने फिरवायची. वापराने त्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत झाले, की छिन्नीने बारीक खाचा पाडून ते पुन्हा खरबरीत केले जात; याला जात्याला टाकी लावणे म्हणतात. तळी शाबूत असेल तर टाकी लावून डाळी भरडण्यासाठी जाते पुन्हा चालू करता येते आणि हाच त्याचा सर्वांत चांगला पुनर्वापर होय. भंगलेली तळी पायवाटेत जमिनीच्या पातळीला बसवता येते. वरच्या तळीला मधोमध आरपार भोक असल्यामुळे वेलाचा खांब उभा करण्यास ती आयती बैठक ठरते, मात्र खांब जमिनीतही पुरेसा खोल गेला पाहिजे. पाटा पायरीत बसतो आणि वरवंटा वाफ्याच्या कडेला लागतो.

उखळ आणि डोण यांचा विचार पाण्याच्या अंगाने करावा लागतो. डोण म्हणजे गुरांना पाणी पाजण्यासाठी अखंड दगडात कोरलेले लांबट पात्र. तिच्यात झाड लावायचे तर पाणी झिरपून जाण्यास वाट नसते आणि मुळे कुजतात. म्हणून पाथरवटाकडून तळाशी छिद्र पाडून घ्यावे, किंवा डोणीत माती न भरता छिद्राची कुंडी विटांवर टेकवून आत ठेवावी. पाखरांसाठी पाणी ठेवायचे तर डोण सावलीत हवी, कारण उन्हाळ्यात काळा दगड फार तापतो. साठलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून, आतली बाजू घासून, पात्र कोरडे करणे आवश्यक असते. घासण्याला महत्त्व अशासाठी, की या डासाची अंडी पात्राच्या कडेला चिकटतात आणि कोरडेपणातही महिनोन्‌महिने तग धरतात. रंगवून कुंडी केलेल्या जुन्या टायरमध्ये हा धोका सर्वांत अधिक असतो, कारण त्याच्या आतल्या घडीतील पाणी पूर्णपणे ओतताच येत नाही.

दगडी बांधकाम पुन्हा वापरता येण्यामागे जोडकामाचाही हात असतो. जुन्या वृंदावनांचे, ओट्यांचे आणि चौथऱ्यांचे घडीव दगड चुन्यात बसवलेले असत. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे काम उतरवताना सांधा सुटतो आणि दगड शाबूत निघतो. सिमेंटचा सांधा इतका कडक धरतो, की तो उकलताना दगडाच्या कडा उडतात. म्हणून जुने वृंदावन हलवायचे असल्यास प्रथम चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक दगडावर थर आणि बाजू दाखवणारा क्रमांक खडूने घालावा, वरून खाली उतरवत जावे आणि नव्या जागी पक्का पाया घालून चुन्यातच पुन्हा रचावे. मोठ्या वास्तूंचे भागही असे हलवले गेले आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयातील मस्तानी महाल हा कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून उभारलेला आहे.

भाजलेली माती

रांजण, माठ, कुंडी आणि कौल या भाजलेल्या मातीच्या वस्तू होत. आव्यात तापमान साधारण ५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले, की मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी निघून जाते आणि तिची रचना कायमची बदलते. त्यामुळे फुटलेला माठ भिजवून त्याचा पुन्हा चिखल होत नाही. पण याच बदलामुळे त्याचे तुकडे उपयोगी ठरतात. मोठे खापर कुंडीच्या तळाशी छिद्रावर पालथे ठेवले, तर माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. बारीक कुटलेल्या भाजक्या विटेला किंवा खापराला सुरखी म्हणतात. ती चुन्यात मिसळली, की दोहोंची रासायनिक क्रिया होऊन ओलाव्यातही टिकणारा गिलावा तयार होतो, आणि वृंदावनाचे सांधे भरण्यासाठी हेच मिश्रण योग्य असते.

शाबूत पण जुन्या झालेल्या माठाला दुष्काळी भागात याहून मोलाचे काम देता येते. बीड जिल्ह्याचा पाऊस कमी आणि लहरी असल्याने नव्या रोपांना उन्हाळा पार करणे अवघड जाते. अशा वेळी रोपाजवळ माठ गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून, तोंड झाकून ठेवतात. याला मटका सिंचन म्हणतात. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सभोवतालच्या कोरड्या मातीकडे ओढले जाते आणि माती ओली झाली, की हा ओघ मंदावतो, त्यामुळे झाडाला लागेल तेवढेच पाणी मिळते. यासाठी माठ न रंगवलेला असावा लागतो, कारण ऑइल पेंटने छिद्रे बुजतात. क्षारयुक्त पाण्यानेही ती हळूहळू बंद होतात. म्हणून वर्षाकाठी माठ काढून ब्रशने घासावा आणि झिरपणे थांबल्यास त्याची सुरखी करावी.

लाकूड आणि धातू

बैलगाडीचे लाकडी चाक ही सुतार आणि लोहार यांची संयुक्त निर्मिती असते. मधल्या तुंब्यातून निघालेले आरे बाहेरच्या लाकडी पाट्यांत बसतात, आणि या सर्वांना लोखंडी धाव आवळून धरते. धाव म्हणजे चाकाच्या कडेवरचे लोखंडी कडे. ते आगीत तापवून, प्रसरण पावले असतानाच चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना ते आकसते व सर्व सांधे घट्ट करते. अंगणात उभे केलेले चाक वर्षानुवर्षे कोरडे पडले, की लाकूड आकसते, धाव सैल होते आणि आरे निखळतात. जमिनीत रोवलेल्या भागाला तर वाळवी लागते. म्हणून चाक मातीत न पुरता दगडावर टेकवावे, भिंतीला पक्के बांधावे आणि पावसाळ्यापूर्वी कोरड्या लाकडाला जवसाचे तेल द्यावे. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता देते, त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात बुडवून किंवा एकेक पसरून वाळवाव्या लागतात. चाक दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर आऱ्यांच्या कठीण लाकडाच्या मुठी आणि खुंट्या होतात, धाव मोडीत जाते.

लोखंडाची वासलात सर्वांत सोपी, कारण भंगारवाला दारी येतो आणि वजनावर पैसे देतो. लोखंड, तांबे आणि पितळ वितळवून पुन:पुन्हा वापरता येतात. मात्र मोडीच्या भावात केवळ धातूची किंमत मिळते, घडणीची मिळत नाही. हाताने ठोकून घडवलेले घंगाळ मोडीत घालण्यापूर्वी ते ठोक्याचे आहे की यंत्रावर दाबून काढलेले, हे पाहून घेणे हिताचे असते. गळके घंगाळ तांबटाकडून डाख देऊन दुरुस्त होते, आणि तसे न केल्यास ते गळणेच निचऱ्याच्या कामी येऊन त्यात फुलझाडाची कुंडी बसते.

जुन्या फाटकांचे, बाकांचे आणि जाळ्यांचे रंग हा वेगळा विषय आहे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. असा रंग कोरडा खरवडला तर धूळ श्वासात जाते व अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागते. पृष्ठभाग ओला ठेवून, नाकतोंड झाकून, खाली कागद अंथरून काम करावे आणि रंगवलेले लाकूड चुलीत किंवा बंबात कधीही घालू नये.

श्रद्धा आणि कायदा

अंगणातील काही वस्तूंकडे केवळ सामग्री म्हणून पाहता येत नाही. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, अशी रूढी असल्याने उत्तरपूजा करून ती वाहत्या पाण्यात सोडण्याची प्रथा पडली. कच्च्या मातीची मूर्ती पाण्यात विरते, त्यामुळे तिच्यापुरती ही प्रथा पाण्याच्या स्वभावाशी जुळणारी होती. दगडाची, धातूची किंवा प्लास्टरची मूर्ती विरत नाही, ती नदीच्या तळाशी साचून राहते. धातूची मूर्ती विधिपूर्वक वितळवून त्याच धातूची नवी घडवता येते. दगडी मूर्तीसाठी गावोगावी दुसरा रिवाजही दिसतो: ती मंदिराच्या भिंतीशी किंवा पारावर मानाने ठेवली जाते. जतनाच्या दृष्टीने हाच रिवाज अधिक योग्य आहे, कारण भंगलेल्या मूर्तींतच पुष्कळदा इतिहासाचा पुरावा असतो.

वीरगळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. लढाईत किंवा गाईगुरांचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेला वीरगळ म्हणतात. तिच्यावर बहुधा खालून वर चढत जाणारे चौकोन असतात: खाली युद्धाचा प्रसंग, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेला असतो. अशा शिळा ओळखू न आल्याने पायरीला, गोठ्याच्या भिंतीला किंवा अंगणाच्या शोभेला लागतात. ‘पुरावशेष आणि कलाकृती अधिनियम, १९७२’ या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी शिल्पे पुरावशेष ठरतात. शिल्पांसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणी करावी लागते, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पाया खोदताना जमिनीत गाडलेली मौल्यवान वस्तू सापडली, तर १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. निखात निधी म्हणजे जमिनीत दडलेले धन, आणि ते सापडल्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘जुने दगड’ म्हणून उपाहारगृहाच्या सजावटीसाठी मागणी आली, की तिच्यात जाती-उखळे कोणती आणि कोरीव शिळा कोणत्या, याची निवड आधी झाली पाहिजे.

कोरीव दगडावर शेंदराचे थर असतील तर ते खरवडण्याचा मोह टाळावा. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग असल्याने त्याची धूळ घातक असते, आणि खरवडताना खालची नक्षीही जाते. अशा वस्तूची माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवणे हा योग्य मार्ग होय. मराठवाड्यातील संग्रह अशाच जागरूकतेतून उभे राहिले आहेत. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठण येथे बाळासाहेब पाटील यांनी परिसरात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाने दोन्ही ठिकाणी शासकीय वस्तुसंग्रहालये आहेत. चकलांब्याहून पैठण फार दूर नाही, तेथील संग्रह एकदा पाहिला तरी अंगणातील दगडाकडे पाहण्याची दृष्टी तयार होते.

सिमेंट, प्लास्टर आणि फायबर

सिमेंटच्या कुंडीला किंवा हरणाला बारीक तडा गेला असेल, तर तो रुंद करून, ओला करून, सिमेंट-वाळूने भरता येतो. परंतु आतली लोखंडी तार गंजली असेल, तर गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा वाढत गेल्याने सिमेंट आतूनच फुटत राहते आणि दुरुस्ती टिकत नाही. अशी वस्तू फोडून तार भंगारात द्यावी आणि तुकडे ओट्याच्या भरावात किंवा पायवाटेच्या सोलिंगमध्ये, म्हणजे पृष्ठभागाखालच्या दगडी थरात, वापरावेत. फोडताना पाणी मारणे आवश्यक असते, कारण सिमेंट-वाळूच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना इजा करते. अ‍ॅस्बेस्टॉस असलेले जुने सिमेंटचे पत्रे मात्र फोडू किंवा कापू नयेत. त्यांचे सूक्ष्म तंतू कर्करोगाला कारण होतात. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि तो इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा ठेवण्यास सांगितले. गावात हे पाळणे फार अवघड नाही, कारण भरावाची गरज कुठे ना कुठे असतेच.

टाकाऊ तुकड्यांतून काय उभे राहू शकते, याचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंदीगडचे आहे. रस्त्यांच्या कामावर निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी १९५७ पासून फुटक्या फरश्या, कपबश्या, बांगड्या आणि बांधकामाचा राडारोडा गोळा करून, कोणाला कळू न देता, सरकारी जमिनीवर शिल्पांची बाग घडवली. हे काम उघडकीस आल्यावर ते पाडून टाकले गेले नाही; १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून ते लोकांसाठी खुले झाले. चिनीमातीचे तुकडे सिमेंटमध्ये बसवण्याची ही रीत एखाद्या शाळेच्या ओट्यालाही लागू पडते.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रश्न रसायनाचा आहे. जिप्सम हे खनिज साधारण १५० अंश सेल्सियसला तापवले, की त्यातील पाण्याचा पाऊण भाग उडून जातो आणि प्लास्टरची पूड मिळते; तिच्यात पाणी घातले, की पुन्हा जिप्सम होऊन ती घट्ट बसते. जिप्सम पाण्यात फारच थोडे विरघळते. एका लिटरमध्ये ते जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम मावत असल्याने, एक किलोची वस्तू विरघळण्यास ४०० लिटरहून अधिक पाणी लागेल. म्हणून ती विहिरीत किंवा नदीत टाकणे व्यर्थ आणि अपायकारक ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनीही मूर्तींसाठी प्लास्टरच्या वापराला मनाई केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक पद्धत पुढे आणली आणि पुणे महापालिकेने गणेशोत्सवात ती लोकांपर्यंत पोचवली. जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात वस्तू ठेवली, की तिचे अमोनियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट होते. पहिले पाण्यात राहते व खत म्हणून उपयोगी पडते, दुसरे तळाशी चुनखडीसारखे बसते. या क्रियेत वायू निघत असल्याने भांडे उघड्यावर ठेवावे लागते आणि वरचा रंग आधी शक्य तेवढा काढावा लागतो. चोपण, म्हणजे सोडियम वाढल्याने घट्ट झालेली जमीन सुधारण्यास जिप्सम वापरतात हे खरे. पण त्यासाठी रंगवलेल्या मोराची पूड शेतात पसरणे योग्य नाही, कारण रंगातील धातू जमिनीतच राहतात.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंनी बळकट केलेले राळेचे प्लास्टिक. ते एकदा घट्ट झाले, की तापवून वितळत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही, आणि जाळल्यास विषारी धूर होतो. शाबूत असेपर्यंत ते अंगणवाडीला किंवा शाळेला देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, मात्र उघडे पडलेले तंतू त्वचेला टोचत असल्याने फुटकी वस्तू मुलांच्या हाती देऊ नये. साध्या प्लास्टिकच्या कुंड्यांसाठी स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण टप्प्यात तालुका पातळीवरील प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रांची तरतूद आहे. गावाने माल वेगळा साठवला तरच अशा केंद्राचा उपयोग होतो.

गावाने करायचे काम

एका घराकडे एक फुटकी कुंडी आणि एक मोर निघतो. तेवढ्यासाठी कोणी गाडी करत नाही, आणि माल ओढ्यात जातो. शंभर घरांचा माल एका ठिकाणी आला, तर मात्र त्याला वाट फुटते. ग्रामपंचायतीने एक कोपरा ठरवून दगड, राडारोडा, धातू आणि प्लास्टिक यांचे वेगळे ढीग लावण्याची सोय केली, वर्षातून एकदा पाथरवट, सुतार आणि तांबट यांना बोलावून दुरुस्तीचा दिवस ठेवला आणि कोरीव शिळांची छायाचित्रांसह नोंदवही केली, तर या प्रकरणात सांगितलेले बहुतेक काम फार खर्चाशिवाय होण्याजोगे आहे. यातून त्या कारागिरांनाही काम मिळते, आणि ते टिकले तरच जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराच्या वाटा टिकतात.

उरलेला भाग खरेदीच्या वेळचा आहे. अंगणासाठी नवी वस्तू घेताना ती किती वर्षे टिकेल, यापेक्षा ती मोडल्यावर दुरुस्त कोण करील किंवा परत कोण घेईल, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते. फायबर पुष्कळ टिकते, पण त्याला कोणी वाली नाही. माठ एका धक्क्याने फुटतो, तरी त्याच्या खापरालाही काम आहे. टिकाऊपणाच्या जोडीला हा दुसरा निकष लावला, तर पुढच्या पिढीला अंगण आवरताना ओढ्याची वाट धरावी लागणार नाही.